कोब्याचं झालं 'पॉलिश्ड काँक्रीट': ही जमीन बनते कशी आणि सातारा-सांगलीत बिघडते कुठं?

जुन्या घरातला करडा कोबा उखडायचा आणि तिथं 'स्टाईल' बसवायची, ही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सातारा-सांगलीतल्या घराघरातली गोष्ट. (टाईल्सला आपल्याकडे स्टाईलच म्हणतात, आणि तो शब्द चुकीचा आहे असं मला अजिबात वाटत नाही. ती बसवण्यामागं स्टाईलच तर असते.)

आता गंमत बघा. पुणे-बंगळुरू हायवेलगतची नवी शोरूम, कॅफे, जिम अशा ठिकाणी तोच करडा सिमेंटचा रंग परत आलाय. फक्त त्याचं नाव बदललंय. आता त्याला 'पॉलिश्ड काँक्रीट' म्हणतात. जी जमीन गरिबीची खूण म्हणून झाकली जात होती, तीच आता आर्किटेक्ट मुद्दाम उघडी ठेवायला सांगतात.

दुसऱ्या बाजूला त्याच हायवेपासून पाच-दहा किलोमीटर आत गेलात, की घरकुलांची कामं सुरू आहेत. तिथं पैसे संपत आले की शेवटी उरतो तो कोबाच. म्हणजे एकाच्या घरी हौस म्हणून आणि दुसऱ्याच्या घरी नाईलाज म्हणून, वस्तू एकच.

त्यात २०२५ मध्ये तीन सरकारी निर्णय असे झाले, ज्यांचा थेट संबंध या जमिनीशी येतो. १३ मे रोजी राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूचं, म्हणजे आपण ज्याला क्रश सँड म्हणतो तिचं, धोरण मंजूर केलं. २२ सप्टेंबरपासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. आणि घरकुलासाठी राज्याने स्वतःचे ५० हजार रुपये जास्तीचे द्यायचं ठरवलं.

मग कोबा स्वस्त झाला का? चांगला झाला का? आणि तो घासून चकचकीत करणाऱ्या माणसाचं काय? एकेक बघू.

कोबा म्हणजे नक्की काय?

कोबा म्हणजे जागेवरच ओतून, जागेवरच घोटलेली काँक्रीटची जमीन. इंजिनिअर लोक तिला 'आयपीएस' म्हणतात, म्हणजे इंडियन पेटंट स्टोन. गच्चीवर गळती थांबवायला विटांचे तुकडे घालून करतात तोही कोबाच, पण तो वेगळा. आपण घरातल्या जमिनीबद्दल बोलतोय. हे काम कसं करायचं याचं भारतीय मानकही आहे, आयएस २५७१, आणि ते १९७० सालचं आहे. म्हणजे ही काही काल आलेली फॅशन नाही.

काम सुरू होतं ते जमिनीखालून. जोत्यात मुरूम भरायचा, त्यावर पाणी मारायचं, थराथराने धुमस मारून तो दाबायचा. वर दगडांचं सोलिंग. सोलिंगवर कमी सिमेंटचं साधं काँक्रीट, ज्याला साईटवर 'पीसीसी' म्हणतात. आणि त्याच्यावर शेवटचा थर, साधारण ४० मिलिमीटर जाडीचा. हा खरा कोबा. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग बारीक खडी हे त्याचं सर्वात रूढ प्रमाण.

हा थर सगळ्या खोलीभर एकदम ओतत नाहीत. मीटर-दीड मीटरचे चौकोन पाडतात आणि मध्ये काचेच्या पट्ट्या उभ्या बसवतात. जुन्या घरात, शाळेत, ग्रामपंचायतीच्या ऑफिसात या हिरवट काचेच्या रेषा तुम्ही नक्की पाहिल्या असतील. त्या नक्षीसाठी नाहीत. काँक्रीट वाळताना आकसतं. आकसलं की कुठंतरी फाटणारच. ते आपल्याला हव्या त्या रेषेवर फाटावं म्हणून ती पट्टी.

मग येतो घोटाईचा भाग. काँक्रीट ओतून पट्टीने सपाट केलं की थोड्या वेळाने त्यातलं जास्तीचं पाणी वर येतं. गवंड्याचं खरं कसब हे पाणी जाईपर्यंत थांबण्यात आहे. पाणी विरलं, पाय ठेवला तर किंचितच ठसा उमटतो अशी अवस्था आली, की आधी लाकडी रंधा, मग पत्र्याचा रंधा किंवा थापी. वरून सिमेंटचा पातळ घोळ पसरून पुन्हा घोटायचं. रंग हवा असेल तर याच घोळात रेड ऑक्साइड. जुन्या घरांतली ती लालभडक, गार जमीन अशीच तयार व्हायची.

घाई झाली की काय होतं? वर पाणी तरंगत असतानाच घोटलं, तर ते पाणी परत वरच्या थरात कोंडलं जातं आणि तो थर कमकुवत होतो. त्याहून वाईट सवय म्हणजे पाणी शोषून घ्यायला कोरडं सिमेंट भुरभुरणं. दिसायला जमीन लगेच गुळगुळीत होते, संध्याकाळी मालक खूश. वर्षभरात पापुद्रे सुटायला लागतात. 'कोबा रोज झाडला तरी धूळ निघते' ही तक्रार बहुतेक वेळा इथं जन्माला आलेली असते.

मग पॉलिश्ड काँक्रीट वेगळं कशात?

कोबा ओला असताना घोटतात. पॉलिश्ड काँक्रीट कडक झाल्यावर घासतात. मुख्य फरक एवढाच.

मोठ्या शेडमध्ये, गोडाऊनमध्ये आधी 'ट्रिमिक्स' करतात. ओल्या काँक्रीटवर गाळणीची चटई आणि तिच्यावर सक्शनची चटई अंथरायची आणि व्हॅक्यूम पंपाने जास्तीचं पाणी खेचून घ्यायचं. पाणी कमी म्हणजे ताकद जास्त. मग पॉवर ट्रॉवेल, ते पंख्यासारखं गोल फिरणारं मशीन, घोटाई करतं. नंतर कटरने खाचा पाडतात, काचेच्या पट्टीचंच काम करणाऱ्या. सातारा, कुपवाड, पलूसच्या एमआयडीसीपासून तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजपर्यंत, जिथं जड माल हलतो तिथं अशा जमिनीची गरज असते.

पॉलिश हा त्यापुढचा टप्पा. काँक्रीट पुरेसं पक्कं झालं, की हिऱ्याची पूड बसवलेल्या चकत्यांचं ग्राइंडर फिरवतात. हो, खऱ्याच हिऱ्याची, फक्त औद्योगिक. चकत्यांना नंबर असतात. ३० किंवा ४० नंबर सर्वात खरबरीत. तिथून ८०, १५०, मग ४००, ८००, १५००, आणि आरशासारखी चमक हवी असेल तर ३००० पर्यंत. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरने पाडलेले ओरखडे काढतो. मधला एक नंबर गाळला, तर तो ओरखडा शेवटपर्यंत राहतो आणि बरोबर खिडकीतून ऊन आलं की दिसतो.

मध्येच एक रसायन ओततात, डेन्सिफायर. हे लिथियम किंवा सोडियम सिलिकेटचं पाणी असतं. सिमेंट आणि पाण्याची क्रिया होते तेव्हा काँक्रीटला धरून ठेवणारा घट्ट पदार्थ तयार होतो, आणि सोबत थोडा मोकळा चुनाही उरतो. हे सिलिकेट त्या मोकळ्या चुन्याशी जुळून पुन्हा तोच घट्ट पदार्थ बनवतं आणि वरची बारीक छिद्रं बुजतात. त्यामुळं धूळ सुटायची थांबते आणि पुढची पॉलिश चढते. मेण किंवा रंग लावून आणलेली चमक निराळी, ती पायाखाली झिजते. ही चमक काँक्रीटची स्वतःची असते.

किती खोल घासायचं यावर रूप ठरतं. वरवर घासलं तर एकसारखा करडा रंग. थोडं खोल गेलं तर वाळूचे ठिपके दिसतात. आणखी खोल गेलं तर खडी उघडी पडते. आणि इथं आपल्या भागाची एक खासियत आहे. सातारा-सांगलीची खडी म्हणजे काळा पाषाण, दख्खनचा बेसॉल्ट. त्यामुळं इंटरनेटवर दाखवतात तशी गुलाबी-पांढऱ्या दगडांची जमीन इथं येणार नाही. इथली जमीन काळी-करडीच येणार. फोटो दाखवून 'असंच पाहिजे' म्हणणाऱ्याला ठेकेदाराने हे आधीच सांगायला हवं.

घरात ही जमीन घ्यायची तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. चिंच, लिंबू, ताक सांडून राहिलं तर डाग नाही, चट्टा पडतो, कारण आम्ल सिमेंटला खातं. आणि हळदीबद्दल सांगलीकरांना मी काय सांगणार!

सरकारी निर्णयांनी नक्की किती फरक पडला?

इथं थोडा हिशोब करू. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. एवढ्या जागेत ४० मिलिमीटरचा कोबा म्हणजे बरोबर १ घनमीटर काँक्रीट. एकास दोनास चार या प्रमाणाने त्याला सव्वासहा ते साडेसहा पोती सिमेंट, साधारण १६ घनफूट वाळू आणि ३१ घनफूट खडी लागते. वरच्या घोळाला आणखी एखादं पोतं. धरून चाला, ८ पोती.

आता जीएसटी. एक पोतं करासह ३५० रुपयांना होतं असं समजा. २८ टक्क्यांचा कर काढून १८ टक्के लावला, आणि कंपनीने सगळी सूट आपल्यापर्यंत पोहोचवली, तर तेच पोतं ३२३ रुपयांच्या आसपास येतं. पोत्यामागं २७ रुपये. ८ पोत्यांचे झाले सव्वादोनशेच्या आत.

आता वाळू. नवं धोरण मंजूर झालं तेव्हा प्रत्येक जिल्ह्यात ५० क्रशर युनिटना सवलत ठरली आणि कृत्रिम वाळूची रॉयल्टी ब्रासला ६०० वरून २०० रुपये केली आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आपल्या कोब्याला लागते १६ घनफूट. म्हणजे बचत ६४ रुपये. शिवाय घरकुलाला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचा निर्णय आधीच आहे, तो प्रत्यक्ष हातात पडला तर हा हिशोबही करायची गरज नाही.

म्हणजे सगळी सवलत मिळून तीनशे रुपयांच्या आत. सवलती खोट्या नाहीत, अख्ख्या घराच्या सिमेंटवर त्यांचा आकडा मोठा होतो. पण जमिनीपुरतं बोलायचं तर कोब्याची अडचण सामानाच्या भावाची कधी नव्हतीच.

घरकुलाचं मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. वर राज्याचे ५० हजार. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. जमीन हे घराचं अगदी शेवटचं काम. पाया, भिंती, स्लॅब यांत खर्च वाढत गेला, की त्याची भरपाई जमिनीतून होते. मुरूम नीट दाबायचा नाही, सोलिंग गाळायचं, ४० ऐवजी २५ मिलिमीटरवर भागवायचं. वरून सगळं सारखंच दिसतं.

कृत्रिम वाळूबद्दल मात्र एक गोष्ट. ती वाईट नाही. कृष्णा-कोयनेच्या पात्रातली वाळू ज्या पद्धतीने उपसली गेली ते बघता दुसरा पर्यायही नाही. पण तिच्यात दगडाची पूड जास्त असते. आयएस ३८३ या मानकात क्रशरच्या वाळूला १५० मायक्रॉनच्या चाळणीतून २० टक्क्यांपर्यंत माल जायची मुभा आहे. स्लॅबमध्ये ते चालून जातं. जमिनीत ही पूड पाण्याबरोबर वर येते, आणि पुन्हा तीच धुळीची तक्रार. म्हणून कोब्याला धुतलेली वाळू मागा. क्रशरची 'डस्ट' आणि क्रश सँड या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि पहिली दुसरीच्या नावाने खपवली जाते.

खरी अडचण: पाणी, काळी माती आणि महापूर

काँक्रीट वाळून कडक होत नाही. पाण्याशी क्रिया होऊन कडक होतं. हा फरक समजला, की बाकी सगळं समजतं. म्हणून किमान ७ दिवस, आणि उन्हाळ्यात किंवा राख मिसळलेल्या सिमेंटला १० दिवस, पाणी मारायचं असतं. कोब्यासाठी सर्वात चांगली पद्धत म्हणजे कडेने मातीचे छोटे बांध घालून वाफ्यासारखं पाणी साठवणं.

आता हे जत, आटपाडी, माण, खटावमध्ये एप्रिल-मेमध्ये करून दाखवा. जिथं प्यायला टँकर येतो तिथं जमिनीवर दहा दिवस पाणी कोण सोडणार? पण बांधकामाचा हंगामही तोच, कारण पावसाच्या आत घर पूर्ण करायचं असतं. माझ्या मते आपल्याकडच्या खराब कोब्याचं हे सर्वात मोठं कारण आहे आणि कुठल्याच योजनेत त्याचा विचार नाही. घरकुलाच्या अनुदानासोबत त्या दहा दिवसांचं टँकरचं पाणी दिलं, तर जीएसटीच्या सवलतीपेक्षा जास्त फायदा होईल. तोवर हाताशी असलेला उपाय: ओलं गोणपाट अंथरून त्यावर प्लास्टिकचा कागद टाकायचा. कडा दाबून ठेवल्या तर पाणी खूप कमी लागतं.

कृष्णाकाठी उलटं. वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात काळी माती. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. जोत्याखाली ती काढून मुरूम भरला नाही, तर वरचा कोबा कितीही चांगला घोटा, दोन पावसाळ्यांत तडा जाणार. त्याच पट्ट्यात क्षारपड जमिनीचा प्रश्न आहे. जमिनीतलं खारं पाणी केशाकर्षणाने वर चढतं, कोब्यातून बाहेर येतं आणि वाळलं की पांढरा थर उरतो. भिंतीला लागतो तोच लोणा. पॉलिश केलेल्या जमिनीवर तो जास्तच उठून दिसतो. सोलिंगवर जाड प्लास्टिकचा कागद अंथरून मग काँक्रीट ओतणं हा त्यावरचा साधा उपाय. त्याचा खर्च अगदी कमी, पण कागद आधीच टाकावा लागतो. नंतर काही करता येत नाही.

आणि महापूर. २००५, २०१९, २०२१. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथं धोक्याची पातळी आहे ४५ फूट. पूर ओसरल्यावर टाईल्सच्या सांध्यांत गाळ बसतो, बऱ्याच टाईल्स खालून सुटतात आणि पोकळ वाजायला लागतात. कोब्याला सांधे कमी, तो झाडून-धुऊन लवकर वापरात येतो. पण खालचा भराव कच्चा असेल तर पुराचं पाणी तो भराव बसवतं आणि कोबा अधांतरी राहतो. पुढं एखादं कपाट सरकवलं की तुटतो. त्यामुळं पूरपट्ट्यात कोबा की टाईल या वादापेक्षा खाली मुरूम किती दाबलाय हे महत्त्वाचं.

आणि घासणाऱ्याचं काय?

ओला कोबा घोटताना धूळ उडत नाही. पॉलिश्ड काँक्रीट सुकं घासलं तर प्रचंड उडते. त्या धुळीत स्फटिक सिलिका असते. तिचे सर्वात बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, फुप्फुसात जातात आणि तिथंच राहतात. त्यातून सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. क्षयरोगाचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्फटिक सिलिकेची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकली आहे.

आपला बेसॉल्ट इथं थोडा बरा आहे. त्यात मोकळी स्फटिक सिलिका ग्रॅनाइटच्या तुलनेत कमी असते. पण 'कमी' म्हणजे 'नाही' नव्हे. बेसॉल्टच्या पोकळ्यांत गारगोटीसारखे स्फटिक असतात, वाळू बाहेरून आलेली असू शकते, आणि बंद खोलीत आठ तास मशीन चाललं तर थोडं-थोडंही पुष्कळ होतं.

अमेरिकेने २०१६ मध्ये नियम केला: आठ तासांच्या सरासरीने हवेच्या एका घनमीटरमागं ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सिलिका चालणार नाही. जमीन घासायच्या मशीनला एकतर सतत पाणी जोडलेलं हवं किंवा बारीक कण अडवणारा व्हॅक्यूम हवा. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून किचनच्या ओट्यांसाठी वापरला जाणारा कृत्रिम दगडच बंद केला, कारण तो कापणारे तरुण कामगार आजारी पडत होते.

आपल्याकडं कारखान्यात कुणाला सिलिकोसिस झाला तर तो कळवणं बंधनकारक आहे. पण शोरूमची जमीन घासणारा मुलगा कारखान्यात नसतो. तो आज कराडला, उद्या विट्याला. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र हवं, आणि दर आठवड्याला साईट बदलणाऱ्याला ते कोण देणार हा प्रश्न आहेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांमध्ये ४० वर्षांवरच्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी सांगितली आहे. धूळ मात्र विसाव्या वर्षापासून आत जायला लागलेली असते.

पाणी लावून घासणं हा सोपा उपाय. त्यातून राखाडी चिखल निघतो, तो चुन्यासारखा जहाल असतो. तो गटारात किंवा शेजारच्या शेतात सोडू नये. बादलीत भरून बसू द्यावा, वाळल्यावर भरावात टाकावा. हातापायाला लागला तर कातडी सोलवटते, म्हणून गमबूट आणि हातमोजे. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीसाठी काहीच कामाचा नाही, किमान एन-९५ मास्क लागतो.

यातलं बरंच काही काम देणाऱ्याच्या हातात असतं. पॉलिशचं कोटेशन मागवताना 'कितीपर्यंत नंबर माराल' एवढंच विचारलं जातं. त्यासोबत मशीनला पाणी किंवा व्हॅक्यूम आहे का, हेही विचारा. ज्याच्याकडं आहे त्याचा दर थोडा जास्त येईल. ज्याचा दर सर्वात कमी आहे त्याच्या माणसाच्या केसांवर आणि पापण्यांवर संध्याकाळी काय साचलंय, ते एकदा बघून घ्या.